सुपारी, चाळण आणि छकुली

2018 सालच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. मुरुडच्या अलीकडे नांदगाव म्हणून एक गाव आहे. समुद्र, नारळीपोफळींच्या वाड्या आणि सिद्धिविनायकाचे देऊळ. तेथे माझी धाकटी बहीण दिली आहे. तिच्या अंगणात कोणा उत्साही पोराने सुतळी बाँब लावला. पडवीच्या पायरीवर बसलेली माझी बावीस महिन्यांची भाची जोरात दचकली, तिने भोकाड पसरले, आणि तिच्या त्या रडण्याने घरातल्या यच्चयावत वडीलधाऱ्या मंडळींना परमानंद झाला!

वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. पण त्याचे असे झाले होते की, पंधराच दिवस आधी, मुलांची वजने करण्याच्या दिवशी अंगणवाडीच्या सेविकेने माझ्या बहिणीला बाजूला घेऊन सांगितले होते, "ताई, नावानं हाक मारली की बाकीची पोरं वळून बघतात. ही बघत नाही. एकदा कान दाखवून घ्या." एवढ्या एका वाक्याने घर हादरले. आजींनी, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंनी, "आमच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही," असे निक्षून सांगितले. मेहुण्यांनी मुलीच्या पाठीमागे उभे राहून पितळी थाळी वाजवली, ती वळली. एका डॉक्टरांनी "काही मुलं उशिरा बोलतात, वाट बघा," असा सल्ला दिला. आणि आता तर बाँबानेच निकाल दिला. "बघितलंत? ऐकू येतं की नाही!" असे म्हणून आजींनी नातीला उचलून घेतले. मीही, महाविद्यालयात मराठी शिकवणारा, एम. ए. ला भाषाशास्त्राचा पेपर दिलेला प्राध्यापक, चकलीचा तुकडा मोडत मान डोलावली.

तो बाँब आम्हांला दोन महिन्यांना पडला.

माझ्या भाचीचे नाव मी येथे सांगत नाही. ती मोठी होऊन हा अंक वाचेल आणि माझ्याशी भांडेल. छकुली म्हणू या.

आवाज मोजण्याचे माप आहे, त्याला देसिबेल म्हणतात. कुजबुज 30 च्या आसपास, घरातले नेहमीचे बोलणे 60 च्या, आणि जवळ फुटलेला सुतळी बाँब 120 च्याही पुढे. छकुलीला सुमारे 80 च्या खालचे काहीच ऐकू येत नव्हते, हे पुढे कळले. म्हणजे बाँब तिला ऐकू येत होता, थाळीही येत असावी; आईची हाक मात्र येत नव्हती. बहिरेपण म्हणजे दिवा मालवल्यासारखा काळोख, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ते तसे नसते. शिवाय मागून टाळी वाजवून पाहणे हा जो घरोघरचा उपाय, त्याच्याइतका फसवा उपाय नाही. अशी मुले विलक्षण सावध असतात. हाताने हललेला वारा, भिंतीवर पडलेली सावली, फरशीतून पायाला लागलेला हादरा, समोर बसलेल्या आजीची वर झालेली नजर, यांतल्या कशानेही ती वळतात, आणि आपण निर्धास्त होतो.

जानेवारी 2019 मध्ये आम्ही तिला मुंबईला नेले. 'बेरा' नावाची एक तपासणी असते. डोक्याला आणि कानांमागे तारा चिकटवून, मूल झोपलेले असताना, आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही हे यंत्रावर पाहतात. मूल झोपले पाहिजे, म्हणून त्याला आदल्या रात्री उशिरा निजवा आणि वाटेत मुळीच झोपू देऊ नका, असे बजावले होते. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचमध्ये पेंगणाऱ्या मुलाला जागे ठेवण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही, त्याने तो ओढवून घेऊ नये. लाँच पाळण्यासारखी डुलत होती. मी तिला समुद्रपक्षी दाखवले, गांधी टोपीचा कोंबडा करून दाखवला, शेवटी तोंडाने वाघ झालो. बाकीचे उतारू माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती नजर परीक्षेच्या निकालानंतर माझे विद्यार्थीच माझ्याकडे टाकतात.

त्या प्रवासात मी पहिला धडा शिकलो, पण तो माझ्या बहिणीमुळे. कोणाकडून ऐकले होते कोण जाणे, तिने आदल्या चार दिवसांत घरी एक खेळ मांडला होता. छकुलीच्या चिंधीच्या बाहुलीला कपाळावर आणि कानांमागे टिकल्या लावायच्या, त्यांना दोरे चिकटवायचे, बाहुलीला मांडीवर घेऊन निजवायचे, मग टिकल्या काढून तिचा पापा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी छकुलीने त्याच टिकल्या आईला लावल्या, तिसऱ्या दिवशी स्वत:ला लावून घेतल्या. तपासणीच्या खोलीत तारा आल्या तेव्हा ती रडली नाही. बाहुलीकडे पाहत राहिली. हे सर्व आपण आधीच पाहिले आहे आणि याच्या शेवटी पापा असतो, एवढे तिला ठाऊक होते. शब्दांनी ते तिला कोणीही सांगू शकले नसते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी शंका असेल तर बाँबाची वाट पाहू नका. अलीकडे जन्मल्यावर दोनचार दिवसांतही कानांची प्राथमिक तपासणी होऊ शकते. तिला काही मिनिटे लागतात आणि दुखत खुपत नाही. जगभर आता असा दंडक मानतात की, पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपायाला आरंभ. आमची छकुली या हिशेबाने पावणेदोन वर्षे मागे होती. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांना तपासायला वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा येतात. त्यांना मोकळेपणाने विचारावे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनवर अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी उभी आहे. हे अली यावर जंग म्हणजे 1971 ते 1976 या काळातले आपले राज्यपाल. केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेतून, उत्पन्नाच्या अटीवर, श्रवणयंत्रे मिळतात. ज्यांना यंत्राने भागत नाही अशा लहान मुलांच्या कानातल्या रोपणाच्या शस्त्रक्रियेलाही 2014 पासून त्या योजनेतून साहाय्य मिळते. हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते.

फेब्रुवारीत छकुलीच्या दोन्ही कानांना यंत्रे लागली. चष्मा लावला की दिसते, तसे यंत्र लावले की ऐकू येते, अशी आमची कल्पना. घरातली सर्व माणसे तिच्याभोवती कोंडाळे करून बसली, आणि आजींनी गहिवरून तिला हाक मारली. छकुलीने दोन्ही यंत्रे उपटून फेकली. आठ दिवसांत त्यांतले एक वाडीच्या पाटात गेले. वाहते पाणी आणि विजेचे नाजूक यंत्र! सुपारीच्या एका मोसमातली चांगलीशी कमाई त्या पाण्यातून समुद्राला मिळाली.

यात चूक तिची नव्हती. कान हे नुसते दार. ऐकण्याचे खरे घर मेंदूत असते. पोटात असताना पाचव्यासहाव्या महिन्यापासून मूल ऐकू लागते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या तीनचार वर्षांत ते घर घाईघाईने बांधले जाते. आवाजच पोचला नाही तर ती जागा दृष्टी आणि स्पर्श बळकावू लागतात. ज्या मुलीला दोन वर्षे मऊ शांततेची सवय, तिच्या कानांत यंत्राने एकदम पंखा, कावळे, भांडी, समुद्र आणि आठ नातेवाईक कोंबले. यंत्र आवाज मोठा करते. कोणता आवाज महत्त्वाचा हे ते सांगत नाही. ते दुसऱ्या कोणी सांगावे लागते, आणि दोन वर्षांच्या मुलाला ते सांगण्याची एकच रीत आहे.

ती रीत आम्हांला दाखवली ती मुंबईच्या एका शिक्षिकेने. वयाने साठीच्या, पांढरी सुती साडी, हातात बाजारात नेतात तशी पिशवी. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्याकडे जात असू. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद, मग एस. टी. ने पेण वडखळवरून पाठीचे मणके मोजत. पहिल्या दिवशी मला वाटले, पिशवीतून काही अपूर्व उपकरणे निघणार. निघाले काय? एक पत्र्याचा डबा, सुपाऱ्या, दोन वाट्या, एक लाकडी भिंगरी, चिंधीची बाहुली, आणि पिठाची चाळण.

त्यांनी यंत्राचे भांडण आधी मिटवले. "तिच्या कानात घालू नका. बाहुलीच्या घाला. आणि बाहुलीचं काढायचा हक्क तिला द्या." माझ्या बहिणीने कणकेची दोन इवलीशी यंत्रे केली. छकुलीने ती बाहुलीला लावली, काढली, लावली. मग आजीच्या कानांना लावली. नाकात चमकी आणि कानांवर कणीक अशा थाटात आजी दुपारभर पोथी वाचत बसल्या. पाचव्या दिवशी छकुली स्वत:चे यंत्र हातात घेऊन आईकडे आली आणि कान पुढे केला. आमच्या मोठ्या माणसांच्या दुनियेत तिच्या डोक्याला, कानांना, अंगाला कोणीही हात लावत होते. त्या बाहुलीच्या दुनियेत डॉक्टर ती होती. खेळात मुलाच्या हाती सत्ता येते, आणि घाबरलेल्या जिवाला सत्तेइतके औषध नाही. उपचार म्हणून खेळ हे जे शास्त्र म्हणतात, त्याचे मर्म मला त्या कणकेत सापडले.

मग ऐकण्याचा खेळ सुरू झाला. छकुलीने सुपारी गालाशी धरून थांबायचे. बाई चाळण तोंडासमोर धरून "आ" म्हणत. आवाज आला की सुपारी डब्यात, खण्! चाळण कशासाठी? तोंड दिसू नये आणि आवाज मात्र गाळून जावा म्हणून. नुसता हात धरला तर आवाज अडतो. आमच्या घरी आधी आजींनी सूप धरून पाहिले, पण सुपाने आवाजही पाखडला जाऊ लागला! रोज सकाळी यंत्र घातले की आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी असे चाळणीआडून म्हणायचे. ही युक्ती डॅनिअल लिंग नावाच्या कॅनडातल्या तज्ज्ञाची. खर्जातल्या 'म'पासून टिपेच्या 'स'पर्यंत बोलण्यातली सारी उंची या सहांत येते, आणि यंत्र नीट चालले आहे की नाही हेही कळते. आमच्या किनाऱ्यावर हे फार महत्त्वाचे. खारी, दमट हवा आणि वैशाखातला घाम ही या यंत्रांची शत्रू; म्हणून ती रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत निजतात. छकुलीची यंत्रे घरातल्या पापडांपेक्षा जास्त बंदोबस्तात राहतात.

पहिले तीन आठवडे ती आवाज न येताच सुपारी टाकत असे. तेव्हा बाईंनी आम्हांला फटकारले, "तुम्ही भुवया उडवता. ती भुवई ऐकते." खरोखर, माणसाला डोळ्यांनी न बोलता नुसते बसणे किती कठीण आहे! आणि मग मार्च संपता संपता एका सकाळी, आई चाळणीमागे, सगळे चिडीचूप, छकुली वाट पाहत बसलेली. ती थांबली. आणखी थांबली. "ऊ." खण्! आजींनी पदर डोळ्यांना लावला. ऐकण्याच्या आधी थांबणे असते, हे भाषाशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात मी वाचले नव्हते.

मी स्वत: या कामात अगदी कच्चा ठरलो. भाषेचा प्राध्यापक म्हणून मी मोठ्या हौसेने पुढे सरसावलो. वस्तू उचलायची आणि विचारायचे, "हे काय? सांग, हे काय?" बाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही तोंडी परीक्षा घेताय. परीक्षकाशी कोण गप्पा मारील?" त्यांची रीत वेगळी. भातुकली मांडायची. बोळक्यात पाणी ओतायचे. "पाणी आलं. गार पाणी! बाळीला पाणी हवं? अगंबाई, पाणी सांडलं!" एक शब्द, पण चार ठिकाणी, चार सुरांत, आणि प्रत्येक वेळी ती वस्तू आणि ती भावना समोर. मधेच मुद्दाम थांबायचे, तिची पाळी म्हणून. कधी लाडवाचा डबा घट्ट लावून तिच्या हातात द्यायचा आणि आपण खिडकीबाहेर पाहायचे. मग ती हात ओढते, आवाज काढते, म्हणजेच मागणी करते. तळहातावर मोर नाचवून शेवटी काखेत गुदगुल्या करण्याचा आपला जो जुना खेळ आहे, त्यात गुदगुल्यांच्या ऐन आधी थांबायचे. ते थांबणे तिला असह्य होई आणि तोंडातून आवाज फुटे. आपल्या पणज्यांनी हे सर्व कोणत्याही पदवीवाचून करून ठेवले होते. आपण मात्र मूल ऐकत नाही असे कळले की पहिल्यांदा काय करतो? त्याच्याशी बोलणेच बंद करतो. आजी वर्षभर छकुलीला कडेवर घेऊन मुकाट्याने हिंडत होत्या. "तिला कळत नाही, मग बोलायचं कशाला?" असे त्यांनीच नंतर मला सांगितले, आणि सांगताना त्यांचा गळा भरून आला.

येथे एका शब्दाविषयी. 'मूकबधिर' हा जोडशब्द आपण सर्रास वापरतो. बहुतेक वेळा अशा मुलांच्या गळ्यात काही दोष नसतो. जे कधी ऐकले नाही ते बोलावे कसे, एवढाच प्रश्न असतो. शब्द जोडताना आपण कारण आणि परिणाम यांची गाठ अशी बांधली की पुढे ती सोडवायचे कोणाला सुचेना.

बाईंच्या पिशवीतल्या वाट्यांनी मला ग्रंथालयात धाडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधल्या कर्णबधिरांच्या संस्थेत इतार नावाचे एक डॉक्टर होते. आव्हेरोंच्या जंगलात सापडलेला, न बोलणारा एक मुलगा त्यांच्याकडे आला. या मुलाचे लक्ष वेधून घ्यावे म्हणून इतार पालथ्या पेल्यांखाली खाऊ लपवून तो शोधण्याचा खेळ खेळत. मुलगा फारसे बोलायला शिकला नाही. पण इतारांची रीत त्यांचे शिष्य सेगँ यांनी पुढे नेली, आणि त्या दोघांची पुस्तके रोममधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हाताने उतरवून काढली. त्या मारिया माँटेसरी. 1907 साली त्यांनी पहिले बालगृह उघडले. तीच विद्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे आणली, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि 1945 मध्ये ताराबाई बोर्डीच्या किनाऱ्यावर गेल्या. महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, पाने यांचीच साधने केली. म्हणजे आपल्या बालवाडीतल्या ज्या खेळांना आपण 'लहान मुलांचा टाइमपास' म्हणतो, त्यांचे एक मूळ थेट कर्णबधिरांच्या शाळेत आहे. नांदगावच्या सुपाऱ्या त्या हिशेबाने परक्या नव्हत्या. आपल्या घरी परत आल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. हॉलिवूडचे प्रख्यात नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जन्मत: बहिरा होता. त्याच्या आईने, लुईस ट्रेसी यांनी, त्याच्याशी खेळत खेळत त्याला बोलायला शिकवले आणि 1942 साली लॉस एंजेलिसमध्ये अशा मुलांच्या आईबापांसाठी एक केंद्र काढले. केंद्र मुलांसाठी खरे, पण शिकवणी आईबापांची. दूरच्या आयांसाठी त्यांनी टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली, एक पैसा न घेता. दहांपैकी नऊ बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात; म्हणजे आईबापांना या वाटेचा काडीचा अनुभव नसतो. तज्ज्ञ पंधरवड्यातून तासभर भेटणार. उरलेले तास घरातले.

त्या घरातल्या तासांतली एक दुपार मी विसरलेलो नाही. डिसेंबर 2019. छकुली तीन वर्षांची होत आली होती. पंचवीसतीस शब्द बोलत होती. पडवीत तिने भातुकली मांडली होती. चार बाहुल्या गोल बसवल्या. पाचवे एक कापडी अस्वल होते, त्याच्या कानांमागे कणकेच्या गोळ्या. ते तिने त्या गोलाच्या बाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग चार बाहुल्यांना ती एकमेकींकडे वळवी, चिमटीने हलवी, "बडबड बडबड" असा आवाज काढी, हसवी. अस्वल भिंतीकडेच. थोड्या वेळाने तिने अस्वलाला उचलले, गोलात आणले, एका बाहुलीच्या पाठीवर त्याचे डोके टेकवले. बाहुली वळली नाही. अस्वल पुन्हा भिंतीकडे गेले.

माझी बहीण दारात भाकरीचे पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. आम्ही दोघेही काही बोललो नाही. वर्षभर आम्ही तिला खेळातून शब्द शिकवत होतो. खेळातून तीही काही सांगत असेल हे आमच्या गावी नव्हते. त्या रात्री जेवायला बसताना मी पाहिले. ताटे एका ओळीत मांडलेली. दिवा मागे, म्हणून सर्वांचे चेहरे काळोखात. मेहुणे मान खाली घालून पोफळींचा भाव सांगत होते, आजी स्वयंपाकघरातून उत्तर देत होत्या, मी भिंतीला टेकून हसत होतो. आणि छकुली एकेकाच्या पाठीकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गोल बसू लागलो. दिव्याची जागा बदलली. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, एका वेळी एकानेच बोलायचे, असे दोन नियम झाले. पहिला नियम पाळणे सोपे गेले. दुसरा आमच्या कोकणी घरात अजून पाळला जायचा आहे.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. टाळेबंदी आधीच होती. मी अलिबागला, फोन मेले, रस्त्यांवर झाडे. पाचव्या दिवशी स्कूटरवरून नांदगावला पोचलो तेव्हा वाडी ओळखू येईना. पोफळी कंबरेत मोडून पडल्या होत्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहासात वर्षे जातात. मेहुणे पायरीवर बसून नुसते पाहत होते. मी मेणबत्त्या, तांदूळ, बिस्किटे नेली होती. जे न्यायला हवे होते ते मिळाले नव्हते. श्रवणयंत्राला बटणाएवढी बॅटरी लागते, ती आठदहा दिवसांत संपते, आणि तेव्हा ती मुंबईहून येई. पुढच्या आठवड्यात शेवटची जोडी संपली. नवी यायला अठरा दिवस लागले.

अठरा दिवस छकुली पुन्हा त्या जुन्या शांततेत. मी मनातून भयंकर घाबरलो होतो. सव्वा वर्षाची मेहनत पुसून जाते की काय! वीज नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात आजींनी भिंतीवर हातांच्या सावल्या पाडल्या. हरिण, कोंबडा, उडता पक्षी. छकुलीने त्यात भर घातली: दोन बोटे उघडमीट म्हणजे अडकित्ता, म्हणजे आजी. मूठ कपाळावर म्हणजे बाबा. हात आडवा पाडला म्हणजे पडलेली पोफळ. एका रात्री तिने आडवा हात केला, दुसऱ्या हाताने तो हळूहळू उभा केला, आणि मेहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसली. वादळानंतर पहिल्यांदा ते रडले.

त्याआधी आम्ही हातवाऱ्यांना जपून होतो. खुणा केल्या तर मूल बोलायचा कंटाळा करील, अशी आमचीही भीती होती. ही भीती जुनी आहे. 1880 साली मिलानला जगभरचे शिक्षक जमले आणि त्यांनी शाळांतून खुणांच्या भाषेला जवळजवळ हद्दपार केले. 130 वर्षांनी, 2010 मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. मधल्या काळात किती पोरांच्या हातांवर पट्ट्या बसल्या असतील! आपल्याकडे 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था झाली आणि 2018 मध्ये तीन हजार शब्दांचा तिचा पहिला कोश निघाला. माझे मत विचाराल तर, मुलाला भाषा मिळाली पाहिजे आणि ती वेळेत मिळाली पाहिजे. कानाने की हाताने, हे भांडण मोठ्यांनी मुलाच्या वयाच्या हिशेबाने करू नये. बॅटऱ्या आल्या, यंत्रे सुरू झाली, चाळणीमागून "आ" आला, आणि सुपारी डब्यात पडली. काही पुसले गेले नव्हते. उलट ती बोलताना हातही चालू लागले, आणि बोलणे वाढले.

आता ती गावच्याच शाळेत तिसरीत आहे. पहिल्या बाकावर बसते. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींना "वळा" असे सांगण्याचे धैर्य तिच्यात आहे. ते मी आमच्या महाविद्यालयात एकाही विद्यार्थ्यात पाहिलेले नाही. सगळे सुरळीत आहे असे मात्र नाही. मैदानावरच्या गलक्यात तिला काही उमगत नाही, मुलींच्या घोळक्यात विनोद झाला की ती सर्वांत शेवटी हसते, आणि कधी कधी काय विनोद झाला ते न कळताच हसते. 'स' तिला अजून दुरून ऐकू येतो, म्हणून सुपारीची 'शुपारी' होते. दोन्ही कान शाबूत असलेले माझे पदवीधर विद्यार्थी 'शेष' आणि 'शेश' यांत फरक करीत नाहीत, तेव्हा मी तिला फारसे टोकत नाही.

गेल्या दिवाळीत मी नांदगावी गेलो होतो. अंगणात किल्ला झाला होता; पायथ्याशी अस्वल पहाऱ्याला उभे. शेजारच्या पोरांनी सुतळी बाँबांचे पुडके आणले. छकुलीने ते पाहिले, शांतपणे दोन्ही कानांतली यंत्रे काढली, डबीत ठेवली, झाकण घट्ट लावले, आणि डबी माझ्या हातात दिली.

"मामा, तू ऐक," ती म्हणाली. "शंपलं की शांग."